पाव किलो फोटो

रविवारी सकाळी सातला मी पुण्याच्या मंडईत शिरतो तेव्हा गळ्यात कॅमेरा असतो आणि पोटात गोळा. वाघाचे फोटो काढायला लोक ताडोबाला जातात, पण त्यांना निदान जीप असते. इथे समोर पालेभाजीवर पाणी शिंपडता शिंपडता माझ्यावर डोळा ठेवून असलेल्या मावशी, आणि मी पायी.

कार्टिए-ब्रेसाँ नावाच्या फ्रेंच छायाचित्रकाराने ‘निर्णायक क्षण’ म्हणून एक प्रकरण करून ठेवलंय. चौकटीतलं सगळं आपापल्या जागी येतं तो एकच क्षण, तेव्हाच बटण दाबायचं. असे क्षण माझ्याही वाट्याला भरपूर येतात. तेव्हा लेन्सवर झाकण असतं. लोकांच्या नजरेत भरू नये म्हणून कार्टिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागावर काळी पट्टी चिकटवायचा, असं वाचल्यावर मीही वायरमनची काळी टेप आणून कॅमेरा नखशिखान्त गुंडाळला. पहिल्याच दिवशी लिंबूवाले काका कळवळून म्हणाले, “पडला का हो? माझा भाचा मोबाइल दुरुस्त करतो, त्याला दाखवा.”

मग कुणीतरी युक्ती सांगितली. २८ मिमीची, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स लाव, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ-८ इतकं बारीक कर, फोकस तीन मीटरवर बांधून टाक. साधारण दोन मीटरपासून पार मागच्या भिंतीपर्यंत सगळं स्वच्छ येतं, डोळ्याला कॅमेरा लावायची गरज नाही, पोटाशी धरून काढ. काढले. ८३ फोटो. त्यांत ४१ गुडघे, बाकी पिशव्या. शिवाय मंडईची इमारत १८८६ सालची, दगडी, आत उजेड बेताचा. एफ-८ला तिथे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, एवढा चढवावा लागतो की फोटोत दाणे उमटतात आणि वांग्यांवर राजगिरा पेरल्यासारखा दिसतो.

पण हे सगळं निभावता येतं. निभावत नाहीत ती माणसं. एक हमाल पाटीवर रेलून बिडी ओढत बसला होता. तिरप्या उन्हात धूर असा काही वर चढत होता की माझा श्वास अडकला. मी कॅमेरा उचलला. त्याने बिडी विझवली, टोपी सारखी केली, वरचं बटण लावलं आणि आधार कार्डाच्या चेहऱ्याने ताठ उभा राहिला. फोटो काढावाच लागला. “दाखवा,” म्हणाला. पाहिला, आणि खूश झाला. दोघांत तो एकटाच.

गवारवाल्या मावशींची गोष्ट वेगळी.

“कुठल्या पेपरात येणार?”

“पेपरात नाही हो मावशी.”

“मग टीव्हीवर?”

“नाही. असाच. छंद म्हणून.”

“माझा फोटो काढायचा तुम्हाला कसला छंद?”

याला माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही. सौंदर्य, रोजचं जगणं, उजेड वगैरे शब्द घशाशी आले. पण पहाटेपासून बसलेल्या बाईला तिच्या कष्टांतलं सौंदर्य समजावून सांगायला जे धैर्य लागतं ते माझ्यात नाही. मी खाली बघितलं. गवार होती. “अर्धा किलो द्या,” म्हणालो.

तेव्हापासून हा हिशेबच होऊन बसला. चोरून काढला तर पाव किलो. पकडलो गेलो तर अर्धा. मावशी हसल्या तर सुट्टे परत घ्यायचे नाहीत. कुणी हात आडवा केला की फोटो समोर उभं राहून पुसतो, आणि तरीही काहीतरी घेतो. गेल्या रविवारी एका चांगल्या चौकटीत चार विक्रेत्या आल्या. त्या एका फोटोपायी मी दुधी, सुरण, पडवळ आणि कुणालाच न आवडणारी लाल भोपळ्याची फाक घेऊन घरी आलो.

एकदा हिय्या करून गवारवाल्या मावशींना फोटोची प्रत नेऊन दिली. त्यांनी ती लांब धरली, जवळ धरली.

“तराजू चांगला आलाय,” म्हणाल्या. मग शेजारणीला दाखवून, “बघ गं, हेच ते. दर रविवारी गवार नेतात. घरी फार आवडते वाटतं.”

घरी कुणीही गवार खात नाही. बायको आता “फोटो कसे आले?” असं विचारतसुद्धा नाही. पिशवी ओट्यावर उलटी करते, त्यावरूनच तिला सकाळ कशी गेली ते कळतं. परवा मी बॅटरी चार्जिंगला लावत होतो तर आतून आवाज आला, “उद्या जमलं तर कोथिंबीरवालीचा काढ. संपलीय.”