गाणं शिकवणारे गावातच आहेत

पोरगं तबल्याला बसतं असं कळलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: दहावीला मार्क किती वाढतात? वाढतात, खरं आहे. शास्त्रीय संगीताच्या मान्यताप्राप्त परीक्षा दिल्या की बोर्डाकडून सवलतीचे गुण मिळतात आणि कष्टकऱ्याच्या लेकराला ते मिळालेच पाहिजेत. पण निकाल लागला की पेटीवर कापड पडतं, ते पुन्हा निघत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की खान्देशातल्या खेड्यात संगीताचा वर्ग काढायचा तर गावात आजही गायलं जातं त्या गाण्यापासून सुरुवात करा. ते ज्यांना येतं त्यांना मानधन देऊन गुरूच्या जागी बसवा.

हे गुरू कोण? नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते, त्या रात्री जागरणाला गाणाऱ्या आपल्या आज्या, काकू. सुरत-पुण्याला गेलेली घरंच्या घरं कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्य-प्रसादासाठी, गावी येतात, रात्रभर गाणी होतात, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. आजीला अख्खं गाणं येतं, सुनेला धृपद येतं, नात मोबाइलवर शूटिंग करते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरच्या गाण्यांची आणि मुली म्हणतात त्या गुलाबाईच्या गाण्यांची हीच गत आहे. मग वहीगायन या खान्देशी लोकगायनाच्या पार्ट्या आहेत, भजनी मंडळातले पखवाजवाले आहेत, लग्नसराईत उन्हातान्हात वाजवणारे बँडवाले आहेत. साक्री-नवापूरकडे डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारे आदिवासी कलावंत आहेत. भोपळा, बांबू आणि बैलाचं शिंग जोडून पावरी तयार होते. ती घडवणारा माणूस शाळेत एक दिवस आला तर पोरांना विज्ञानाचा एक धडा फुकटात मिळेल.

आमच्या गावी विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात संध्याकाळी वर्ग भरतो. एक पेटी, एक तबलाजोडी, बाकी टाळ. पोरांना सुरुवातीलाच अलंकार, म्हणजे स्वरांचे पलटे, घोकायला लावले की ती गळतात, हे मी पाहिलंय. कानबाईच्या बऱ्याच गाण्यांची चाल मोजक्या स्वरांतच फिरते. तीच चाल पेटीवर शोधायला सांगितली की पोरं स्वतःहून सूर धुंडाळतात आणि सा-रे-ग-म त्या वाटेनं आपोआप येतं. ठेका केरव्याचा, आठ मात्रांचा, तो तर अंगातच असतो. वर्गात नाव विचारलं तरी मान खाली घालणारी मुलगी इथे पुढे बसून गाणं उचलते, मग सगळ्यांना तिच्यामागे म्हणावं लागतं. तेरा-चौदाव्या वर्षी पोरांचा आवाज फुटतो, ती लाजून गप्प होतात. त्यांना ढोलकीवर बसवायचं आणि आवाज बसला की पुन्हा गायला घ्यायचं. संध्याकाळचे ते दोन तास पोरगं कुठे आहे, कुणासोबत आहे, हे घरच्यांना माहीत असतं. नापिकीच्या वर्षी घरातली चिंता पोरांच्याही अंगावर येते, तेव्हा असे दोन तास फार मोलाचे असतात.

आणि अहिराणी. शाळेत अहिराणी बोललं म्हणून हसं झालेली पोरं इथे अहिराणीत गातात आणि आजी त्यांचे उच्चार सुधारते. जी बोली घरी ठेवून शाळेत जावं लागत होतं, तिच्यातच त्यांना शाबासकी मिळते.

बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, उतरवून ठेवली म्हणून १९५२ साली पुस्तक आलं आणि महाराष्ट्राला ती कळली. शब्द कागदानं वाचवले. चाल मात्र समोर बसूनच शिकावी लागते.

एक अवघड गोष्टही बोलतो. ज्यांनी पिढ्यानपिढ्या वाजवलं, त्यांना आपण मांडवाच्या बाहेर उभं केलं. सगळ्यांची पोरं त्यांच्यासमोर सतरंजीवर बसून शिकतील, त्यांना ‘गुरुजी’ म्हणतील, तेव्हा गावात काहीतरी खरंच हलेल. म्हणूनच मानधनाचा आग्रह धरतो. सत्कार, शाल-नारळ पुरे झाले. दर महिन्याला हातात पैसे पडले पाहिजेत.

वाट आहे. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तर कलेसाठी अंशकालीन निदेशकाची, म्हणजे अर्धवेळ शिकवणाऱ्याची, तरतूद आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही स्थानिक कलाकारांना शाळेत शिकवायला घ्या असं म्हटलंय. शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून बसणाऱ्यांनी हे बैठकीत विचारावं, ठराव लिहून घ्यावा. तोवर गणेश मंडळांनी डीजेची एक रात्र कमी करावी. त्या पैशात एका गुरूचं बरंच मानधन निघतं. डीजेवर नाचणाऱ्या पोरांवर माझा राग नाही, त्यांच्या हातात दुसरं काही आपण दिलंच नाही.

तुमच्या गावात असा वर्ग चालू असेल तर कोण शिकवतं आणि खर्च कसा भागतो ते खाली लिहा. बंद पडला असेल तर का बंद पडला, तेही नक्की लिहा. आम्हाला त्याची जास्त गरज आहे.