चार इंच वर, पण गोळा तिथेच

यंदा पावसाच्या तोंडावर एक मेसेज माझ्याकडे तीनदा आला. एकदा आंबेवाल्यांच्या ग्रुपवर, एकदा शिमग्याच्या, आणि तिसऱ्यांदा आमच्या साडूंकडून, वर 'नक्की वाचा' असं लिहून. मजकूर थोडक्यात असा: कोकणात पिकअप चालवायची तर सस्पेन्शन लिफ्ट, म्हणजे स्प्रिंगांपाशी तुकडे घालून गाडी उंच, करून घ्याच. पुढे स्पेसर, मागे ठोकळे, चार इंच उंची, खर्च फक्त पंधरा हजार. मग गाडी कुठे घासत नाही, पुराच्या पाण्यातून आरामात निघते, माल जास्त बसतो, घाटात पकड वाढते, आणि 'इंजिनला हात लावलेला नसल्यामुळे आरटीओचा प्रश्नच येत नाही'. खाली लाल चिखलात उभ्या असलेल्या एका रुबाबदार गाडीचा फोटो.

माझी गाडी डबल कॅब. मागे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, पुढे चाक धरणारे आर्म आणि कॉइल स्प्रिंग. हंगामात आंब्याच्या पेट्या, एरवी खत, कधी चिरे, कधी कुणाच्या लग्नाची भांडी. दोन वर्षांपूर्वी हीच लिफ्ट करायला मी निघालो होतो आणि शेवटी वेगळंच काम करून आलो. त्यामुळे हा मेसेज वाचून पुढे ढकलणं काही जमलं नाही.

पहिला मुद्दा घासण्याचा. चुलतभावाने तालुक्याच्या एका दुकानात असेच ठोकळे घालून घेतले होते. गाडी दाखवायला आणली तेव्हा आमचे मेस्त्री गोणपाट टाकून खाली शिरले आणि आतूनच ओरडले, "गाडी वर गेली रे, पण गोळो थंयच आसा मरे!" गोळा म्हणजे मागच्या आसाच्या मधोमध असतो तो डिफरेन्शियलचा फुगवटा. आस चाकांना जोडलेला आणि चाकं जमिनीवर. ठोकळा बसतो आस आणि पाटे यांच्या मध्ये, म्हणजे आसाच्या वरती. त्यामुळे चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, वर जाते, आस जागचा हलत नाही. गोळा जमिनीपासून आठ इंचांवर असेल तर चार इंच लिफ्टनंतरही तो आठ इंचांवरच राहतो.

तो वर न्यायचा एकच मार्ग, मोठा टायर. त्याचाही हिशेब करून बघा. २४५/७० आर १६ टायरचा व्यास साधारण ७४९ मिलिमीटर. त्याजागी २६५/७० आर १६ घातला तर ७७७. फरक २८ मिलिमीटर, पण आस टायरच्या मध्यावर असतो, म्हणून त्याच्या वाट्याला निम्मे येतात, १४ मिलिमीटर. अंगठ्याच्या रुंदीएवढेसुद्धा नाहीत. वर स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतं ते वेगळंच, ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ ने चाललेली असते.

म्हणजे लिफ्टचा उपयोग शून्य असं नाही. चॅसिस, डिझेलची टाकी, पायरी, बंपर हे सगळं खरोखर वर जातं. सड्यावरून बागेत उतरताना कातळाच्या कडेवर ज्याची गाडी पोटावर टेकते, त्याला फरक जाणवेल. प्रश्न एवढाच की तुमच्या गाडीचं नेमकं काय घासतं? हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. 'खाली घासते' एवढंच सांगतात.

मी एका रविवारी बादलीत चुना कालवला आणि गाडीच्या पोटाला, गोळ्याला, सायलेन्सरला, स्टेपनीच्या कॅरियरला कुंच्याने फासला. वाळू दिला, पेट्यांच्या वजनाएवढं खत भरलं आणि नेहमीच्या वाटेने बागेत जाऊन आलो. परत येऊन खाली वाकून पाहिलं. चॅसिसचा चुना जसाच्या तसा. टाकीचा तसाच. निघाला होता तो दोनच ठिकाणचा. स्टेपनीच्या कॅरियरचा मागचा कोपरा लख्ख झाला होता आणि गोळ्याच्या तळाला तांबड्या मातीचा पट्टा उमटला होता. गोळा घासत होता चाकोरीमधल्या उंचवट्यावर. त्यावर चार इंच काय, दहा इंच लिफ्टही कामाची नाही. अर्धा दिवस दोन गडी लावून तो उंचवटा फोडला आणि चाकोरीत चिऱ्यांचा चुरा भरला. काम झालं.

राहिला स्टेपनीचा कोपरा. तिथे मेस्त्रींनी टेप काढली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप घेतलं, मग शेजाऱ्यांच्या त्याच मॉडेलच्या पण नव्या गाडीचं. माझी गाडी मागून जवळजवळ दोन इंच बसलेली होती. पाटे सपाट होत आले होते, मधल्या एकाला चीर, पाटे चॅसिसला जोडणाऱ्या शॅकलच्या बुशांचं रबर तर बोटाने निघत होतं. विकत घ्यायला निघालो होतो ती उंची माझ्याच गाडीची गेलेली उंची होती. कंपनीच्या मापाचा नवा पाट्यांचा संच, नवे बुश, नवे शॉकअप एवढंच केलं. आमच्याकडच्या दहा वर्षं माल ओढलेल्या पिकअपांपैकी बऱ्याच अशाच बसलेल्या निघतील.

आता पाणी. या मेसेजमधलं हेच वाक्य खरं जिवावरचं आहे.

चॅसिस वर गेली की इंजिनची हवा घ्यायची नळी चार इंच वर जाते, हे खरं. पण चाकांचे बेअरिंग आणि गोळा जिथल्या तिथे. आसाला एक छोटं श्वासाचं तोंड असतं, ब्रीदर. घाट उतरून तापलेला गोळा थंड पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदरमधून, जुन्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. गाडी पाण्यातून पार होते, मालक खूश, आणि दोन महिन्यांनी गोळ्यातलं ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं. ब्रीदरला लांब नळी जोडून ती वर चॅसिसपर्यंत नेली तर हे टळतं, खर्चही किरकोळ, पण मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

हे झालं साचलेल्या पाण्याचं. वाहत्या पाण्याची गोष्टच निराळी. फूटभर वेगवान पाणी लहान मोटार तरंगवतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं, पिकअपसुद्धा. चार इंच लिफ्टने ही मर्यादा जराशी सरकते, पण पाणी तुमच्या टेपवर थोडंच चालतं? २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी ज्यांनी चढताना पाहिलं, त्यांना विचारा चार इंच चढायला किती वेळ लागतो ते. राजापुरात अर्जुना आणि कोदवली चढल्या की जवाहर चौकातली माणसं गाड्या वरच्या रस्त्याला नेऊन लावतात, पाण्यातून काढून दाखवत नाहीत. आणि पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे हे कोणी सांगितलं? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल गेला तेव्हा एसटीच्या दोन गाड्या नदीत गेल्या. त्या काही बुटक्या नव्हत्या.

माल जास्त बसतो, हा तिसरा दावा. ठोकळ्याने पाट्यांची ताकद रतीभरही वाढत नाही. जादा पाटा घातला तर गाडी कमी बसते, एवढंच. आस, बेअरिंग, ब्रेक, टायर, चॅसिस सगळं जुन्याच मापाचं. गाडी बसलेली दिसत नाही म्हणून माणूस आणखी पन्नास चिरे चढवतो, आणि मग घाटात टायर फुटला की नशिबाला बोल. ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. आरसी बुकावरचं वजन पाटे मोजून बदलत नाही.

यातच एक बारकी गोष्ट आहे, जी मलाही मेस्त्रींनी दाखवली तेव्हा कळली. बऱ्याच पिकअपांना मागच्या आसापासून एक दांडी चॅसिसवरच्या व्हॉल्व्हला गेलेली असते. गाडी भरली की चॅसिस खाली बसते, दांडी वर ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब कमी, नाहीतर हलकी झालेली मागची चाकं लॉक होऊन शेपूट फिरेल. ठोकळे घातले की चॅसिस कायमचीच वर. दांडी आहे तेवढीच. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. म्हणजे भरलेली गाडी आंबा घाट उतरताना मागचे ब्रेक अर्ध्या मनाने काम करणार आणि सगळा ताप पुढच्यांना. चुलतभावाच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. पुढच्या ब्रेकचे लायनर वर्षात दोनदा गेले आणि दुकानदार म्हणाला, लायनरच डुप्लिकेट होते. दांडीचा ब्रॅकेट नव्या उंचीला जुळवायला हवा होता, त्याने तिकडे पाहिलंही नव्हतं. ब्रेकच्या रबरी नळ्या मात्र पाहिल्या होत्या म्हणे. म्हणजे काय, तर पाहिल्या. जॅक लावून चाक पूर्ण लोंबकळू दिल्यावर नळी ताणते का, हे तपासायचं असतं.

घाटात पकड वाढते, हे कुठून काढलं देव जाणे. पकड टायरची असते. उंचीने उलटच होतं. सोपा हिशेब आहे: दोन चाकांमधल्या अंतराचं अर्ध भागिले गुरुत्वमध्याची उंची, हा आकडा जितका मोठा तितकी गाडी उलटायला अवघड. समजा अंतर दीड मीटर, उंची ७५ सेंटिमीटर. आकडा आला १. चार इंच, म्हणजे १० सेंटिमीटर वाढवले की ०.८८. वळणावरची बारा टक्क्यांपर्यंत सुरक्षितता तुम्ही पंधरा हजार देऊन विकली. आणि हे रिकाम्या गाडीचं. करूळच्या किंवा आंबोलीच्या वळणांवर हौद्याच्या वरपर्यंत रचलेल्या पेट्या असतात तेव्हा गुरुत्वमध्य आधीच डोक्याला आलेला असतो.

पुढच्या स्पेसरची आणखी एक गंमत. तो स्प्रिंग बदलत नाही, फक्त सगळा संच खाली ढकलतो. चाकाला खाली जायला जी जागा होती तीच खाऊन उंची मिळते. मग खड्डा आला की चाक खाली पोचायच्या आत आर्म टोकाला लागतो, 'टक्' असा आवाज येतो आणि चाक क्षणभर हवेत. वर आर्मच्या टोकाचे बॉलजॉइंट तिरके, अलाइनमेंट बाहेर, टायर एका कडेने खातात. फोर बाय फोर असेल तर पुढच्या शाफ्टचे जॉइंट जास्त कोनात फिरतात आणि त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात. मागे इंजिनची ताकद गोळ्यापर्यंत नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, साठच्या पुढे सीटखाली घरघर सुरू होते. हेडलाइटही वर बघायला लागतात, समोरून येणारा शिव्या देतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

आरटीओबद्दल थोडक्यात. गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ इंजिनपुरतं नाही. कंपनीने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये मालकाने केलेल्या बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पिवळ्या पाटीच्या गाडीला तर आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेसला उभं राहायचं असतं. तिथे ठोकळे लपत नाहीत. आणि अपघात झाला की विम्याचा सर्वेअर पहिल्यांदा खालीच वाकतो.

पंधरा हजारांचं काय? दुकानातलं बिल तेवढं असेलही. पण आपल्याकडे खारी हवा आहे. ॲल्युमिनियमचा स्पेसर आणि लोखंडी बोल्ट यांच्या मध्ये खारट ओल शिरली की ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडत जातं. मासळीची गाडी असेल तर विचारायलाच नको, बर्फाचं खारट पाणी हौद्यातून थेट पाट्यांवर ठिबकत असतं. ठोकळे घालताना पाटे आसाला बांधणारे जुनेच यू बोल्ट परत आवळायचे नसतात, एकदा ताणले गेलेले बोल्ट पुन्हा तेवढी पकड धरत नाहीत. नवे, लांब, योग्य मापाचे हवेत. आणि ते पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे. आमच्या मेस्त्रींनी माझ्या गाडीच्या प्रत्येक नटवर पिवळ्या रंगाची रेघ ओढून दिली आहे, नटवरून थेट प्लेटवर. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. पावसाळ्यात मी दर रविवारी टॉर्च घेऊन त्या रेघा बघतो.

एवढं सगळं सांगितल्यावर साडू फोनवर म्हणाले, "ते खरं हो, पण फोटोत गाडी दिसते काय झक्कास!"

दिसते खरी. तो फोटो मोठा करून पाहिला. हौद्यात एकही पेटी नाही.