घराचं काम दिवाळीनंतर काढा

"गणपती झाले की काम काढतोय, दिवाळीच्या आत घर तयार हवं." दर वर्षी हे कुणाच्या ना कुणाच्या घरून ऐकू येतं. नुसता रंग द्यायचा असेल तर खुशाल द्या. पण जुन्या फ्लॅटचं बाथरूम आणि स्वयंपाकघर फोडून नवं करायचं असेल, तर दिवाळीची मुदत धरू नका, असं माझं ठाम मत आहे.

विसर्जन झालं की पितृपक्ष लागतो. "पंधरवड्यात नको" असं म्हणणारं मोठं माणूस प्रत्येक घरात असतंच. म्हणजे काम सुरू होणार घटस्थापनेला, आणि तिथून लक्ष्मीपूजनापर्यंत जेमतेम महिना. त्यात दसरा आला. फरशीवाले, रंगारी, सुतार यांतले बरेच जण उत्तर प्रदेश-बिहारकडचे. दिवाळी आणि छटपूजेला ते गावी जाणार, आणि का जाऊ नये? शिवाय भिंतींनी पावसाळाभर ओल धरलेली असते. तशा गिलाव्यावर पुट्टी आणि रंग चढवला की पुढे पोपडे धरणारच.

सगळ्यात वाईट म्हणजे घाईत गाळलं जातं ते नेमकं फरशीखाली जाणारं काम. बाथरूमची जुनी फरशी आणि तिच्याखालचा भरावाचा थर, म्हणजे कोबा, काढला की खालचा स्लॅब उघडा पडतो. त्यावर वॉटरप्रूफिंग करायचं, ते वाळू द्यायचं, मग नहाणी ट्रॅपचं, म्हणजे जमिनीतलं पाणी जायच्या जाळीखालचं, तोंड बंद करून पाणी भरून ठेवायचं, निदान 48 तास. आमच्याकडे हे केलं तेव्हा पाण्याच्या पातळीला भिंतीवर रेघ मारून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी रेघेच्या चांगलं बोटभर खाली. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे जाऊन टॉर्च मारून पाहिलं, तर छतात ट्रॅपच्या पाइपाभोवती ओलीचं कडं उमटलेलं. पाणी उपसलं, पाइपाभोवतीची जागा खोदून पुन्हा भरली, पुन्हा वॉटरप्रूफिंग, पुन्हा पाणी. यात आठवडा गेला, पण काकूंचं छत वाचलं आणि टाइल एकदाच बसल्या. पाडव्याला किल्ली द्यायचं कबूल केलेला कंत्राटदार हा आठवडा कुठून आणणार? मुदत आपणच घातलेली असते.

मग दिवाळीपर्यंत काय करायचं? सगळं कागदावर ठरवायचं.

सोसायटीकडे नकाशासकट अर्ज आधी. कॉलम-बीमला हात लावायचा नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण जुन्या तीन मजली इमारतींत पुष्कळदा कॉलमच नसतात, भिंतीच भार घेतात. तिथे "ही नुसती पार्टिशन आहे" असं मिस्त्रीनं सांगून भागत नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलेलं आहे. सेक्रेटरींकडून तो अहवाल मागून घ्या आणि खरंच वाचा.

ओट्याची उंची दुकानातल्या शोरूममध्ये ठरवू नका. 34 इंच हे माप सर्रास ठेवतात. माझ्या सासूबाई पाच फुटांच्याही आतल्या. टेबलावर फळ्या कमी-जास्त करत त्यांनी रोजच्या पोळ्या लाटून पाहिल्या. ज्या उंचीला खांदा वर उचलावा लागत नव्हता ती निघाली 31 इंच. ओटा तेवढाच केला. घरात जी व्यक्ती रोज तिथे उभी राहते तिला विचारल्याशिवाय कडाप्पा कापायला देऊ नका. तेच बाथरूमचं. दारातून वॉकर जाईल का, मध्ये उंच पट्टी आड येईल का, कमोडशेजारी आधाराचा दांडा लावायला मागे पक्की भिंत आहे का, हे घरातल्या मोठ्या माणसांना बरोबर घेऊन ठरवा. आज गरज नसली तरी ठरवा.

विजेचे पॉइंट भिंतीवर खडूनं काढा: फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन, पलंगाच्या दोन्ही बाजू. एसी आणि गीझरला स्वतंत्र लाइन हवी, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच, त्यात काटकसर नको. मंजूर भार कमी पडणार असेल तर महावितरणकडे अर्ज आत्ताच टाका. टाइल दहा टक्के जास्त घ्या, सगळी एकाच बॅचची. राडारोडा उचलण्याचा खर्च कुणाचा, तेही कोटेशनमध्ये लिहून घ्या. ऐनवेळी वाद होतात ते यावरूनच.

आणि एक गोष्ट मी भेटेल त्याला सांगते. भिंतीत पाइप आणि वायरी टाकून झाल्या की गिलावा करण्याआधी प्रत्येक भिंतीसमोर मोजपट्टी धरून फोटो काढा, एक कोपऱ्यापासूनच्या अंतराचा, एक जमिनीपासूनच्या उंचीचा. तास-दीड तास लागतो. तेवढा वेळ गवंड्याला थांबायला सांगा, आणि फोटोंची एक छापील प्रत घराच्या फाइलमध्ये ठेवा. पुढे कधी आरसा किंवा शेल्फ लावायला येणाऱ्याला ड्रिल सुरू करण्याआधी तीच दाखवायची आहे.