पहिला अर्धा तास हात खिशाकडेच जातो

रोज एक तास फोन दूर ठेवून एकटं बसा, हे एकांतावरच्या लेखातलं म्हणणं मनापासून पटलं. पण तासाभराने माझं तरी भागत नाही. मी अंबाजोगाईचा, प्राथमिक शिक्षक. दर रविवारी फोन घरी ठेवून आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीकडे दरीत उतरतो. पहिला अर्धा तास हात सारखा खिशाकडे जातो, डोक्यात ग्रुपवरचे मेसेज घोळत राहतात. मग हळूहळू वाळक्या पाल्यावरून सरडा पळाला तरी ऐकू येतं.

पाचवीच्या पोरांना अपूर्णांक कसे शिकवावेत, यावर मी कितीतरी व्हिडिओ पाहिले होते. काही जमेना. परवा तिथेच दगडावर बसून डबा उघडला, ज्वारीची भाकरी मोडली आणि एकदम सुचलं: चतकोर! अर्धी, पाऊण, चतकोर हे शब्द पोरं घरी रोज बोलतात. १/४ त्यांना आधीच येतो, फक्त फळ्यावर ओळखता येत नाही. सोमवारी वर्गात भाकरीच नेली.

एक विनंती. माझी बायको घर आणि शेत दोन्ही बघते, तिला असा रविवार मिळत नाही. बायकांना हा एकांत कसा मिळावा, यावरही लेखकाने जरूर लिहावं.