खुर्चीत आडवं बसण्याचा हक्क

वूम चेअर (वूम म्हणजे गर्भाशय) या गाजलेल्या आरामखुर्चीचा फोटो कुणी टाकला की खाली दोनच प्रकारच्या कमेंट येतात. ‘काय देखणी आहे!’ आणि ‘एका खुर्चीला एवढे पैसे?’ दोन्ही रास्तच. पण ही खुर्ची दिवाणखान्याची शोभा म्हणून जन्मालाच आली नाही. एका बाईला पाय वर घेऊन बसायचं होतं, म्हणून ती झाली.

ती बाई म्हणजे फ्लॉरेन्स नोल. नवरा हान्स याच्याबरोबर फर्निचरची कंपनी चालवायची, आणि स्वतः मीस व्हान डेर रोहे या नामवंत वास्तुकाराच्या हाताखाली वास्तुकला शिकलेली. १९४६ च्या सुमारास तिनं आर्किटेक्ट एरो सारिनेनच्या मागे टुमणं लावलं: त्या लांबट, अरुंद, एकाच पद्धतीनं बसवणाऱ्या खुर्च्यांचा मला वीट आलाय. उशांनी भरलेल्या मोठ्या टोपलीसारखं काहीतरी कर. मी त्यात आडवी बसेन, नाहीतर वाटेल तशी बसेन.

एखाद्या नावाजलेल्या आर्किटेक्टला असं सुनावायला घरोबाच लागतो. तो होता. लहान वयात आईवडील गेलेल्या फ्लॉरेन्सला सारिनेन कुटुंबानं घरच्या मुलीसारखं वागवलं होतं. मिशिगनमध्ये क्रॅनब्रूकला ती शाळेत होती आणि एरोचे वडील एलिएल तिथल्या कला अकादमीचे प्रमुख होते. सुट्टीत ती त्यांच्याबरोबर फिनलंडलाही जायची.

एरोकडे अर्धं उत्तर आधीपासून होतं. १९४० साली त्यानं आणि डिझायनर चार्ल्स ईम्सनं न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टची स्पर्धा जिंकली होती, ती पाठ, बैठक आणि हात एकाच वळणात घेणाऱ्या प्लायवूडच्या खुर्च्यांवर. पण प्लायवूड एकाच वेळी दोन दिशांना वाकवलं की चिरतं. कारखान्यात त्या खुर्च्या भराभर काढणं काही जमेना. तेवढ्यात अमेरिका युद्धात उतरली. युद्धानंतर हाताशी फायबरग्लास आला आणि मग ही मंडळी गेली कुणाकडे, तर न्यू जर्सीतल्या एका होड्या बांधणाऱ्याकडे! त्याचा अजिबात विश्वास बसेना. यांनी अक्षरशः विनवण्या केल्या तेव्हा कुठे तो तयार झाला. बऱ्याच खुर्च्या फसल्या, आणि १९४८ मध्ये एकदाची ती बाजारात आली. सारिनेनचं नाव आज सगळ्यांना पाठ असतं. मला मात्र या गोष्टीत तो कुरकुरत हो म्हणणारा होडीवाला फार आवडतो.

खुर्ची उघडून पाहिली तर आत स्प्रिंगांचा पत्ता नाही. फायबरग्लासचं पातळ कवच, त्याच्यावर फोम, वर ताणून बसवलेलं कापड, पाठीला आणि बैठकीला एकेक सुटी उशी, खाली वाकवलेल्या सळईचे पाय. आराम गादीच्या जाडीत नाही, त्या वळणात आहे. रुंदी साधारण ४० इंच आणि बैठक जमिनीपासून जेमतेम १६ इंच. आपल्यासारख्या खुर्चीवरही मांडी ठोकणाऱ्या माणसांना हे हिशेब वेगळे समजवायला नकोत.

हाच सारिनेन पुढे सेंट लुईसची कमान आणि न्यूयॉर्कच्या विमानतळावरचं टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं टर्मिनल करणारा. १९६१ मध्ये गेला तेव्हा अवघा ५१ वर्षांचा होता, दोन्ही कामं पुरी झालेली त्यानं पाहिली नाहीत. डेट्रॉईटकडच्या मराठी मंडळींनो, वॉरनचं जीएम (जनरल मोटर्स) टेक सेंटरही त्याचंच. तुमच्यापैकी काही जण रोज तिथं कार्ड पंच करत असतील.

आता माझी तक्रार. मिड-सेंच्युरी, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्याची शैली, या नावाखाली आज या खुर्चीचं जे चाललंय ते बघवत नाही. एक जमात अस्सल खुर्ची आणून कोपऱ्यात मांडते, वर दिवा सोडते आणि पोरं जवळ गेली की ओरडते. दुसरी ऑनलाइन नक्कल मागवते. नकलेला माझा तात्त्विक विरोध नाही. अस्सल खुर्चीची किंमत पाहता तो कुणाला परवडणारही नाही! पण मी बसून पाहिलेल्या नकलांमध्ये रंग आणि बाह्यरेषा हुबेहूब होती, आतली खोली कमी. आडवं बसलं की हाताची कड गुडघ्यामागे रुतते. म्हणजे फ्लॉरेन्सनं जे मागितलं होतं नेमकं तेच गाळलं आणि फोटोत दिसतं तेवढं ठेवलं.

म्हणून घ्यायची असेल तर अस्सल असो की नक्कल, दुकानात चपला काढा, आडवे बसा आणि एक पाय खुर्चीच्या हातावरून खाली सोडा. सेल्समन बघत राहील, बघू दे. फ्लॉरेन्स नोल १०१ वर्षं जगली, २०१९ मध्ये गेली. तिनं ही खुर्ची अशीच तपासली असती, याबद्दल मला तरी शंका नाही.