रेंडर काळं आलं की छताखाली दिवा टाकायचा?

घराच्या थ्रीडी मॉडेलवरून संगणकावर आतल्या भागाचं फोटोसारखं चित्र काढणाऱ्यांच्या, म्हणजे इंटिरियर रेंडरिंग करणाऱ्यांच्या, व्हॉट्सॲप गटांत बरेच दिवस एक सल्ला फिरतोय. त्याचा आशय असा: रेंडर काळं येतंय तर छताखाली एक मोठा अदृश्य (उजेड देणारा, पण चित्रात स्वतः न दिसणारा) लाइट टाका. ऊन जळतंय, म्हणजे पांढरंफटक पडतंय, तर सूर्याची तीव्रता एक दशांश करा आणि ऊन सोफ्यावर पडेल असा सूर्य फिरवा. खिडकीबाहेर एक एचडीआरआय (उजेडाचीही नोंद असलेला ३६० अंशांचा फोटो) लावला की उजेड आणि बॅकग्राउंड दोन्ही मिटतं. भिंती शुद्ध पांढऱ्या ठेवा. चित्रात दाणे उरले तर ते पुसणारा डिनॉइझर आहेच.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांच्या फाइल उघडल्या की हा सल्ला जसाच्या तसा पाळलेला दिसतो. तो चुकीचा आहे, आणि त्याचं नुकसान चित्रापुरतं राहत नाही. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका गृहप्रकल्पासाठी मीही असाच लाइट लावून हॉलचं चित्र दिलं होतं. ताबा मिळाल्यावर एका काकूंनी ते चित्र हातात धरून मला विचारलं, "यातला उजेड कुठून आला हो?" हॉलपुढे खोल बाल्कनी, तिच्यावर वरच्या मजल्याची बाल्कनी, आणि सकाळी ११ वाजता ट्यूबलाइट चालू. माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

आधी त्या अदृश्य लाइटबद्दल. दिवसा खोलीत उजेड खिडकीकडून येतो. खिडकीपाशी तो भरपूर असतो आणि आतल्या भिंतीकडे जाताना उतरत जातो. खोली किती खोल आहे हे डोळ्याला त्या उतारावरून कळतं. छताखालचा लाइट नेमका तोच पुसून टाकतो. सोफ्याची सावली थेट त्याच्या पोटाखाली जाते, पडद्याच्या चुण्या सपाट होतात, आणि लाइटचं तोंड खाली असल्यामुळे छत मात्र मळकट राहतं. मग छतासाठी आणखी एक लाइट येतो, कोपऱ्यासाठी तिसरा.

खोली काळी येते तेव्हा बहुतेक वेळा उजेड कमी नसतो, कुठेतरी अडलेला असतो. तो शोधायची रीत सोपी आहे. सगळ्या मॉडेलला एकच करडं मटेरियल द्या, खिडकीची काच लपवा आणि लहान आकारात रेंडर मारा. खोली उजळली तर दोष काचेचा. अनेक रेंडर इंजिनांत (प्रकाश मोजून चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) खऱ्या काचेतून जाणारा प्रकाश 'कॉस्टिक्स' या वेगळ्या हिशेबात मोजला जातो, आणि कॉस्टिक्स बंद असले की काच भिंतीसारखी सावली टाकते. व्ही-रे या इंजिनात काचेच्या मटेरियलमधलं रिफ्रॅक्शनखालचं 'अफेक्ट शॅडोज' चालू करा. ब्लेंडर या सॉफ्टवेअरच्या सायकल्स इंजिनात लाइट पाथ नोड घेऊन शॅडो रेसाठी (सावली ठरवणाऱ्या किरणांसाठी) ग्लासऐवजी ट्रान्सपरंट शेडर जोडा.

काच लपवूनही काळंच असेल तर बाहेर उभा केलेला बॅकग्राउंडचा फोटो लपवून बघा. हा दोष मी सर्वांत जास्त वेळा पाहिला आहे. खिडकीपासून चार फुटांवर प्लेन (सपाट पडदा) उभा केलेला असतो, त्यावर झाडांचा सुंदर फोटो, आणि त्या फोटोनेच आकाश झाकलेलं असतं! प्लेन लांब न्या आणि त्याची सावली बंद करा. सायकल्समध्ये रे व्हिजिबिलिटीत (वस्तू कोणत्या किरणांना दिसावी या यादीत) डिफ्यूज आणि शॅडो काढा, पण ट्रान्समिशन ठेवा, नाहीतर काचेतून फोटोच दिसणार नाही. ग्लॉसीही ठेवा, म्हणजे फरशीत बाहेरचं प्रतिबिंब येईल.

आता सूर्य एक दशांश करण्याचं. ऊन जळलेलं दिसतं कारण आत आणि बाहेर उजेडाचं प्रमाणच प्रचंड वेगळं असतं. भर दुपारी उघड्यावर १,००,००० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड असतो, घरात खिडकीपासून थोडं आत काही शे लक्स. छायाचित्रकार उन्हात एफ/१६, १/१०० सेकंद, आयएसओ १०० (लेन्सचं छिद्र, शटरची वेळ आणि संवेदनशीलता) धरतो. दिवसाउजेडी घरात त्याच आयएसओला एफ/४ आणि १/१५ सेकंदापर्यंत यावं लागतं, म्हणजे जवळपास शंभरपट जास्त प्रकाश आत घ्यावा लागतो. तेव्हा कॅमेऱ्याचं एक्स्पोजर (तो किती प्रकाश घेतो ते) हलवा, सूर्य नको. सूर्य कमी केला की ऊन आणि आकाश यांचं नातं बिघडतं. ढगाळ दिवसासारखा उजेड आणि त्यात उन्हाच्या धारदार कडा, असं चित्र तयार होतं. ते का खोटं वाटतंय हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण वाटतं. उन्हाचा पट्टा एकदम पांढराफटक फुटत असेल तर टोन मॅपिंग, म्हणजे मोजलेला उजेड पडद्यावरच्या रंगांत बसवायची पद्धत, तपासा. ब्लेंडरमध्ये 'स्टँडर्ड'ऐवजी 'फिल्मिक' किंवा ४.० पासून आलेलं 'एजीएक्स' लावलं तरी बराच फरक पडतो.

"ऊन सोफ्यावर पडेल असा सूर्य फिरवा" या वाक्याचा मला खरा राग आहे. घर कुठल्या दिशेला आहे हे त्यात विचारलंच जात नाही. स्केचअप या मॉडेलिंग सॉफ्टवेअरच्या कोऱ्या फाइलला जागा दिली नाही तर ती अमेरिकेतलं कोलोराडोमधलं बोल्डर धरते, ४० अंश उत्तर अक्षांश. पुणे आहे साडेअठरावर. २१ डिसेंबरला माध्यान्ही बोल्डरचा सूर्य सुमारे २७ अंशांवर असतो, पुण्याचा ४८ वर. सात फूट उंचीच्या दक्षिणेच्या खिडकीतून तिकडे ऊन १४ फूट आत येतं, आपल्याकडे जेमतेम सहा फूट, तेही वर छज्जा नसेल तर. मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैअखेरीस पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो आणि मधल्या काळात माध्यान्हीचा सूर्य चक्क उत्तरेकडे झुकलेला असतो. एप्रिल-मेच्या दुपारी दक्षिणमुखी हॉलच्या सोफ्यावर ऊन दाखवणं म्हणजे घर घेणाऱ्याला खोटं सांगणं. फाइलमध्ये गाव टाका, उत्तर दिशा बरोबर लावा, मग तारीख आणि वेळ बदलून बघा. सकाळी साडेआठचं पूर्वेचं ऊन खरंच आत येत असेल तर ते जरूर दाखवा. ते सुंदरच दिसतं.

एचडीआरआयने उजेड मिळतो, हे मान्य. बॅकग्राउंड मात्र क्वचितच मिळतं, आणि कारण साधा हिशेब आहे. ८के एचडीआरआयमध्ये ३६० अंशांना ८१९२ पिक्सेल असतात. २४ मिमी लेन्सचा कॅमेरा आडवे साधारण ७४ अंश बघतो, म्हणजे त्याच्या वाट्याला १७००च्या आसपास पिक्सेल येतात. रेंडर ४००० पिक्सेल रुंद असेल तर खिडकीबाहेरचं सगळं फुगवलेलं आणि धुरकट दिसणारच. त्याहून मोठी अडचण उंचीची. असे बहुतेक एचडीआरआय जमिनीवर तिपाई ठेवून काढलेले असतात. अकराव्या मजल्यावरच्या खिडकीतून समोरच्या चार मजली इमारतींच्या गच्च्या आणि पाण्याच्या टाक्या दिसायला हव्यात. तिथे झाडाचं खोड दिसलं की फ्लॅट तळमजल्यावर येतो. उजेडासाठी एचडीआरआय किंवा सूर्य-आकाश ठेवा, आणि बाहेरच्या दृश्यासाठी त्याच उंचीवरून काढलेला वेगळा फोटो वापरा. क्षितिज कॅमेऱ्याच्या उंचीवर जुळवा आणि फोटोतलं ऊन तुमच्या सूर्याच्याच बाजूने येतंय का ते बघा. बाहेरचं दृश्य आतल्यापेक्षा दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उजळ ठेवा. आतल्याइतकंच ठेवलं तर ते भिंतीवरच्या पोस्टरसारखं दिसतं.

शुद्ध पांढऱ्या भिंतींचं काय होतं? बंद खोलीत भिंतींवरून उसळून उसळून उजेड किती पट वाढतो याचं ढोबळ सूत्र आहे: १ भागिले (१ वजा परावर्तन). ५० टक्के परावर्तनाला दुप्पट, ८० टक्क्यांना पाचपट, ९५ टक्क्यांना वीसपट. १०० टक्के पांढऱ्यात प्रकाश विझतच नाही, म्हणून कोपरे नाहीसे होतात आणि रेंडरही रेंगाळतं. चांगला पांढरा रंग ८० टक्क्यांच्या आसपास परतवतो, म्हणजे एसआरजीबीत (पडद्यावरच्या रंगाच्या ० ते २५५ या आकड्यांत) साधारण २३१. २५५ नको.

डिनॉइझर वाईट नाही, मीही वापरतो. पण एकाच कोपऱ्यात दाणे साचत असतील तर तिथे उजेड पोचायला धडपडतोय. खिडकीत पोर्टल लाइट (उजेड इथून येतो हे इंजिनाला दाखवणारा) लावून बघा. डिनॉइझरने आधीच लिंपलं तर ते कळतच नाही, वर पडद्याचं विणकामही जातं.

आणि कृत्रिम दिवे? ड्रॉइंगमध्ये आहेत ते सगळे लावा, त्यांच्या जागी, २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे. खिडकी नसलेला पॅसेज तर दिवा लावूनच रेंडर करा. तिथे राहणाऱ्यालाही भर दुपारी बटण दाबावंच लागणार आहे.