जास्तीचे तासही लिहा

परवा आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर पुन्हा कामाच्या तासांचा तोच वाद पेटला. एका मित्राच्या हिंजवडीतल्या कंपनीत स्वाइपचे, म्हणजे गेटवर कार्डाने नोंदले जाणारे, तास दिवसाला नऊच्या खाली गेले की अर्धी रजा कापायला लागलेत. कुणीतरी विचारलं, मग अकरा तास भरले तर? आमच्यातलाच एक जण आता डिलिव्हरी हेड, म्हणजे वरचा मॅनेजर, आहे. मी जर्मनीत नोकरी करतो, म्हणून मलाही टोमणा मारत त्याचं उत्तर आलं, "जास्तीचे तास मोजायला आपण काय कामगार आहोत? जर्मनीतले लाड इथे नकोत."

त्या उत्तराने माझं डोकं फिरलं, ते अजून ताळ्यावर आलेलं नाही.

हे लाड जर्मनीतले नाहीतच. माझे वडील भोसरीत टर्नर होते. कार्ड पंच करून आत जायचे, आणि ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, लागला की महिनाअखेरीला पगाराच्या स्लिपवर त्याचा वेगळा आकडा यायचा. दर दुप्पट. 1948 च्या कारखाने कायद्यातच तशी तरतूद होती. त्या ओटीवर माझ्या इंजिनिअरिंगची फी भरली गेली. टर्नरला जे हक्काने मिळत होतं, ते त्याच्या इंजिनिअर मुलांनी कमीपणाचं मानून सोडून दिलं. मला चीड येते ती याची.

इथे स्टुटगार्टला माझ्या ग्लाइटझाइटच्या, म्हणजे लवचीक वेळेच्या, खात्यात जास्तीचे तास प्लस म्हणून दिसतात तसे कमी पडलेले मायनसही दिसतात. एस-बान, म्हणजे इथली लोकल, रखडली तर ती मिनिटं माझीच जातात, पण ती मी पुढच्या आठवड्यात भरून काढतो, त्यासाठी रजा कापली जात नाही. प्लस फार साचले की मॅनेजरच शुक्रवारी दुपारी घरी पिटाळतो. दिवस दहा तासांच्या पुढे गेला तर जाब कंपनीला द्यावा लागतो. बेट्रीब्सराटचं, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या समितीचं, त्यावर बारीक लक्ष असतं.

आणि हे फक्त कारखान्यांपुरतं नाही. युरोपच्या न्यायालयाने 2019 मध्ये ज्या खटल्यात रोजचे तास नोंदवणं बंधनकारक ठरवलं, तो डॉइश बँकेच्या स्पेनमधल्या कंपनीविरुद्ध तिथल्या कामगार संघटनेने लढवला होता. सगळा दिवस मोजलाच नाही, तर त्यातला जादा भाग कोणता हे कळणार कसं, हा तिथला साधा मुद्दा. 2022 मध्ये जर्मनीच्या कामगार न्यायालयानेही तेच मान्य केलं.

आपल्याकडे आठवड्याला सत्तर तास काम की नव्वद, यावर भांडणं होतात. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात दिवसाला 9 तास, जादा कामाला दुप्पट दर आणि तिमाहीत जादा तासांना 125 ची मर्यादा होती. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने दिवसाचे 10 आणि तिमाहीचे 144 करायला मंजुरी दिली, तेव्हा केवढी ओरड झाली! पण माझ्या ओळखीतल्या आयटीवाल्यांपैकी कुणाचेही ते 125 कधी मोजले गेले नव्हते. व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांना तो कायदा लागू नाही, आणि आयटीत चार वर्षांत प्रत्येक जण कसला ना कसला लीड होतोच. मी पुण्यात होतो तेव्हा रात्री अकराला निघालो तरी टाइमशीटवर आठच तास भरायचे, असा तोंडी हुकूम होता. वाण्याने उधारी तेवढी लिहावी आणि जमा लिहूच नये, असली ती वही.

गेटवरच्या मशीनला आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची, दोन्ही वेळा ठाऊक असतात. नऊच्या खालचे तास ज्या स्क्रीनवर लाल होतात, तिथेच वरचे दाखवा आणि त्याचा कॉम्प-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, द्या. नवीन काही विकत घ्यावं लागत नाही.

हे ग्रुपवर लिहिल्यावर एका मित्राने मला गप्प केलं, "तू तिकडे बसून बोलू नकोस." हे लागलं. कारण ते निम्मं खरं आहे. हिंजवडीच्या पुलावर रोज अडकायला मी नसतो. माझा धाकटा भाऊ असतो. मागच्या महिन्यात तो आईला मोतीबिंदूसाठी डॉक्टरांकडे घेऊन गेला आणि त्याचा हाफ डे लागला. आदल्या रात्री दीडपर्यंत तो कॉलवर होता, ते कुठेच नोंदलेलं नाही. आईला न्यायचं काम माझंही होतं. त्याच्या कापलेल्या अर्ध्या दिवसात माझा वाटा आहे, म्हणून मी बोलणार. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन गणपतीनंतर ठेवायला सांगितलंय, तोवर माझे प्लस पुरेसे साचतील.